झाकणाचे नट खिशात ठेवणारे भास्करराव

भास्करराव देवरे यांना मी प्रथम पाहिले ते सातपूरच्या आमच्या कारखान्यात. आम्ही एकाच दिवशी रुजू झालो. मी पुण्याची पदवी घेऊन, ते सटाण्याहून पदविका घेऊन. आठवडाभरात डब्याच्या सुट्टीत सगळे कामगार त्यांच्याभोवती बसू लागले. माझ्या पोटात दुखायला तेव्हाच सुरुवात झाली.

आम्ही रिफायनरीसाठी स्टीम इजेक्टर बनवत असू. त्याच्या नोझलमधून वाफेचा झोत सुटतो आणि तो मनोऱ्यातली हवा ओढून नेतो. वाफेबरोबर गंज किंवा वेल्डिंगचा खडा आला की नोझल बिघडते, म्हणून आधी गाळणी, म्हणजे स्ट्रेनर. नवी लाइन सुरू करताना स्ट्रेनरची जाळी तुंबते. ती काढून, धुऊन परत बसवावी लागते. जाळीवाचून कोणी झाकण लावून टाकू नये म्हणून ती बाहेर असेपर्यंत भास्करराव झाकणाचे नट स्वतःच्या खिशात ठेवत. पुढे ते वहिनींना धुण्यात सापडत. मी या सवयीची यथेच्छ टिंगल केली आहे.

एकदा मी उभारून दिलेला इजेक्टर दोन महिन्यांत व्हॅक्यूम धरेना. विभागप्रमुखपदाची मुलाखत आठवड्यावर आली होती आणि नावे आमची दोघांचीच होती. वरिष्ठांनी दोघांनाही रिफायनरीत पाठवले. मी नोझलच्या मापांची आकडेमोड करत बसलो. भास्कररावांनी वाफ बंद करवली आणि थेट स्ट्रेनर उघडला.

"आठे जाळीच नही शे!" घाईत त्यांच्या तोंडून अहिराणीच येई.

नोझलच्या गळ्यात खडे अडकले होते. तपासणीच्या कागदावर 'जाळी बसवली' यापुढे सही माझी होती. झाकण घट्ट दिसले म्हणून मी ती ठोकून दिली होती. भास्कररावांनी तो कागद पाहिला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. अहवालात त्यांनी एवढेच लिहिले की जाळी नव्हती, नवी बसवली.

पद मला मिळाले. महिनाभराने इंदिरानगरला त्यांच्या घरी जाऊन मी विचारले, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून जाळी बसली असती का, साहेब? चहा घ्या."

त्या 'साहेब'ने मी जळून खाक झालो. खुर्ची माझी होती, पण काही अडले की माणसे माझ्या केबिनवरून सरळ त्यांच्याकडे जात. त्यांनी मला एकदा जरी टोमणा मारला असता, तरी मला त्यांचा सुखाने द्वेष करता आला असता. वाचकांना हे क्षुद्रपणाचे वाटेल. आहेच ते.

गौरव समितीने त्यांचे माजी विभागप्रमुख म्हणून मला हा लेख मागितला. ते पद भास्कररावांचे होते. तपासणीचा तो कागद मी सोबत जोडत आहे. तो माझ्या सहीसकट छापावा.

पंचाहत्तरीत प्रवेश करणाऱ्या भास्कररावांना ठणठणीत, उदंड आयुष्य लाभो. कागद छापल्याबद्दल ते माझ्यावर चिडतील. चिडू देत. एकदा तरी त्यांनी माझ्यावर चिडावेच.