हलगी आणि दमाम: कोल्हापुरातला काळ्या माणसांच्या नाचांचा मेळावा

साल १९७६. पुण्याहून सकाळची गाडी धरली तेव्हा जोसेफने माझी पिशवी माझ्या हातून काढून घेतली आणि खिडकीची जागाही मलाच दिली. जोसेफ केनियाचा. शेतकी कॉलेजात शिकतो आणि दोन वर्षं आमच्या माडीवर राहतो. कोल्हापुरातल्या काही प्राध्यापकांनी आणि कॉलेजच्या मुलांनी मिळून काळ्या माणसांच्या नाचांचा मेळावा भरवला होता. जोसेफला आणि त्याच्या तीन मित्रांना त्याचं बोलावणं होतं. मित्र आदल्याच दिवशी पुढे गेले. "काकू, तुम्ही चला. माझं मराठी तिथं कुणाला कळलं नाही तर?" असं म्हणून त्याने मला बरोबर घेतलं.

झालं उलटंच. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने मला दोनदा विचारलं, "काय म्हणालासा?" मग जोसेफकडे वळून म्हणाला, "पावणं, तुम्हीच सांगा की." जोसेफने "मंगळवार पेठ" एवढंच सांगितलं आणि रिक्षा सुटली. वाटेत चौकात कापडी फलक लागला होता: 'रंग आमचा, नाच आमचा, हक्कही आमचा.'

उतरायची सोय पेठेजवळच्या एका लॉजमध्ये होती. मॅनेजरने जोसेफचा पासपोर्ट पाहिला आणि आम्हा दोघांना किल्ल्या दिल्या. तेवढ्यात दारात काही मंडळी आली. सहा बाया, पाच पुरुष, डोक्यावर बोचकी आणि दोघांच्या खांद्यावर मिळून एक लांबट लाकडी ढोल. हे सिद्दी. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इथं आणलेल्या माणसांचे वंशज. कन्नड मुलखातल्या यल्लापूरच्या रानातून ते एसटी बदलत बदलत आले होते. पुढे होत्या गंगाबाई. पन्नाशीच्या, उंच, हिरव्या काठाचं लुगडं नेसलेल्या.

मॅनेजर म्हणाला, "परदेशी माणसास्नी पासपोर्ट लागतोय."

"आमी परदेशी न्हाय," गंगाबाई म्हणाल्या. त्यांच्या मराठीला कोकणीचं वळण होतं. "आजा-पणजा हितल्याच मातीत गेला आमचा."

"तसं दिसत न्हाय की," मॅनेजर म्हणाला. "आणि खोल्या बी न्हाईत."

खोल्या होत्या. खुंट्यांवरच्या किल्ल्या मला दिसत होत्या. मी तसं म्हटल्यावर त्याने मान फिरवली. जोसेफने आपली किल्ली टेबलावर ठेवली, मीही ठेवली, आणि आम्ही सगळे रस्त्यावर आलो.

धावत आलेल्या कॉलेजच्या पोरांनी गंगाबाईंच्या खूप विनवण्या केल्या, पण त्यांनी बोचकं उचललं होतं. "नाचायला बोलवता आणि टेकायला जागा न्हाय. मग कशाला नाचायचं? सांजच्या गाडीनं जातो." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली की त्या खरंच जाणार.

समोरच्या बोळाच्या तोंडाशी एक बाई मगापासून हे ऐकत उभी होती. कमळाबाई नाव. नवरा हलगी वाजवणारा, तोही मेळाव्यात वाजवणार होता. ती थेट येऊन म्हणाली, "अक्का, माझ्या घरात चला. दोनच खोल्या हायत. बायका आत, बाप्ये तालमीत. अडचण हुईल, पर दार उघडं हाय."

गंगाबाईंनी बोचकं खाली न ठेवताच विचारलं, "आमी पाण्याच्या हंड्याला हात लावला तर चालेल?"

"चालंल म्हंजे?" कमळाबाई म्हणाली. "तुम्हीच भरा की. माझं गुडघं दुखत्यात."

सगळ्यात आधी गंगाबाईच हसल्या.

संध्याकाळी कमळाबाईचा नवरा आम्हाला दूधकट्ट्यावर (जिथं म्हशी आणून समोरच धार काढून दूध देतात) घेऊन गेला. फेसाळ पेला जोसेफने एका दमात रिकामा केला. त्याच्या गावीही असंच पितात म्हणे. मला तेवढं जमेना. माझा अर्धा पेला पदरावर सांडला आणि म्हशीने मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान भरलं. मंचामागे जाळ करून वादक कातडी शेकत होते. एका बाजूला हलगी, दुसऱ्या बाजूला सिद्द्यांचा दमाम (दोन्ही तोंडांना कातडं लावलेला ढोल). जोसेफ आणि त्याचे मित्र उड्या मारत नाचले, तेव्हा पोरं मोजत होती कोण किती उंच जातो. नाच झाल्यावर जोसेफ मराठीत बोलला. "माझ्या वडलांना गोऱ्यांच्या राज्यात आमच्याच शहरातल्या हॉटेलात पाऊल टाकता येत नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत आजही तेच चाललंय. काल इथंही ते पाहिलं."

मग गंगाबाई उठल्या. दमाम घुमला, बायांनी गोल धरला, खांदे आणि पावलं एका ठेक्यात हलू लागली. कमळाबाईच्या नवऱ्याला राहवलं नाही. त्याने हलगी घेतली आणि दमामाच्या ठेक्यात आपली कडकड मिसळली. तो आणि दमाम वाजवणारा एकमेकांना हुलकावण्या देत वाजवू लागले. कमळाबाई गुडघे विसरून गोलात शिरली, तिने मला ओढलं. माझी पावलं सगळी चुकली. कुणी पाहिलं नाही, कारण सगळेच नाचत होते.

मेळावा संपला तरी वाजवणं थांबेना. पोरांनी मिरवणूक काढली आणि ती लॉजच्या दारात आली. मॅनेजर बाहेर उभा होता. चेहरा उतरलेला. गंगाबाईंनी हात वर केला, दमाम थांबला.

"खोली नको," त्या म्हणाल्या. "पण परत आमच्या माणसाला पासपोर्ट मागू नका."

तो म्हणाला, "न्हाय मागणार." मग पायरीवरून बाजूला होत, "चा तरी घ्या."

मला वाटलं, त्या वळून निघून जातील. त्या पायरीवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "घेतो की. पण सगळ्यांना लागंल." मागे अख्खी पेठ होती. मॅनेजरने त्या गर्दीकडे पाहिलं आणि स्वतःच किटली आणायला आत गेला.

परतीच्या गाडीत माझे पाय ठणकत होते. प्रवासाला निघताना मी मनात म्हणत होते की परक्या लोकांचे नाच पाहायला चाललेय. त्यांना परकं म्हणणारी मी कोण, हा प्रश्न आता माझ्याबरोबर पुण्याला येत होता. मिरजेला एक गृहस्थ चढले. जोसेफला न्याहाळून त्यांनी विचारलं, "कुठले आपण?"

"कोल्हापूरहून आलो," जोसेफ खणखणीत आवाजात म्हणाला.

गृहस्थ थोडे सरकले, त्याला नीट बसायला जागा केली आणि म्हणाले, "तरीच आवाज मोठा हाय."