चार गाठींचा निळा

"घाई करता काहून? रंग बसू द्या."

असं म्हणून शेजारचे काका काठीने पातेल्यातला शर्ट उचलत, उन्हाकडे धरत, एक डोळा बारीक करत आणि मान हलवून तो पुन्हा बुडवत. शर्ट कोणाचा आहे, त्या पोराची आई फाटकाशी किती वेळ ताटकळली आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे.

आमच्या कांचघरच्या गल्लीत पोरं त्यांना 'रंगवाले दादाजी' म्हणत. दारावर नावाची पाटी होती, पण उन्हाने तिच्यावरची अक्षरं उडाली होती. जन्मभर दुसऱ्यांना रंग देणाऱ्या माणसाला स्वतःच्या पाटीवर ब्रश फिरवायला सवड झाली नव्हती. लष्करी ट्रक बनवणाऱ्या फॅक्टरीत ते पेंट शॉपमध्ये होते. "चौतीस वर्षं एकच हिरवा फासला, बाबू," ते मला सांगत. मी सरकारी कार्यालयात कारकून, म्हणून मी बाबू. "स्वप्नात झाडं दिसली तरी वाटे, ड्यूटी लागली."

निवृत्तीनंतर त्यांना बाकीचे रंग भेटले ते पोरांच्या शाळेमुळे. शाळेत चार हाऊस, चार नद्यांची नावं. नर्मदा निळी, ताप्ती लाल, चंबल पिवळी, बेतवा हिरवी. डिसेंबरात हाऊस डे असतो. त्या दिवशी प्रत्येक पोराने आपल्या हाऊसच्या रंगात यायचं आणि मैदानात रांगेत उभं राहायचं. तुम्ही म्हणाल, बाजारात टी-शर्ट मिळतात की. मिळतात. पण प्रत्येक दुकानाचा निळा वेगळा. शिवाय गणवेशाचा आखूड झालेला पांढरा शर्ट प्रत्येक घरात पडलेला असतो.

मला ही अक्कल उशिरा आली. माझी बायको कटनीच्या शाळेत शिकवते, शनिवारी घरी येते. मधल्या दिवसांत मुलगी मनू माझ्या ताब्यात, किंवा मी तिच्या. मनूच्या पहिल्या हाऊस डेला मी निळ्या रंगाची पुडी वॉशिंग मशीनमध्ये ओतली, शर्ट टाकला आणि मोठ्या विश्वासाने दाढी करायला गेलो. मशीनमध्ये माझे सहा बनियन आधीपासून होते. शर्टावर जगाचा नकाशा उमटला. बनियन मात्र एकसारखे, सुरेख आकाशी निघाले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात शिपायाने माझ्या पांढऱ्या शर्टाच्या आत निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाबूजी, आप भी नर्मदा हाऊस में?"

काकांनी हे सगळं भिंतीपलीकडून पाहिलं होतं. दोरीवरच्या बनियनांची त्यांनी मुकाट्याने मोजणी केली आणि म्हणाले, "तू बनियन छान रंगवतोस. शर्ट माझ्याकडे देत जा."

तेव्हापासून मी शर्ट देत गेलो.

हाऊस डेच्या आदल्या दिवशी त्यांच्या अंगणात गल्लीतली पोरं शर्ट घेऊन उभी असत. चुलीवर मोठं अॅल्युमिनियमचं पातेलं, मूठभर मीठ, आणि भिंतीवर चार खिळे. प्रत्येक खिळ्याला कापडाची एकेक पट्टी, नमुन्याची. लाल, पिवळी, हिरवी, निळी. त्याच पट्टीने त्या रंगाची पुडी बांधलेली. शर्ट पातेल्यातून निघाला की तो पट्टीशेजारी धरायचा, जुळला तरच दोरीवर. "पेंट शॉपात नमुन्याशी जुळला नाही तर गाडी परत येई," ते म्हणत. एकदा मी म्हणालो, "काका, पोरं दोन तासांत मातीत लोळणार." ते म्हणाले, "लोळू दे. पण लोळायच्या आधी निळा निळाच पाहिजे."

मागच्या डिसेंबरातली गोष्ट सांगायची म्हणजे मला थोडं सावरून बसावं लागतं.

त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तो दर खेपेला वडिलांना न्यायचं काढत असे. त्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून तो बसला होता. "बाबा, परवा तुम्ही गॅस चालू ठेवून झोपलात. डोळ्यांनी दिसतं का नीट? काही झालं तर मी सरळ तिकडे घेऊन जाणार, सांगून ठेवतो."

"काहीच होऊन नाही राहिलं मला," काका पातेल्यात काठी फिरवत म्हणाले. "या घरातून मी कुठे जात नाही. पोरांचे शर्ट कोण करणार, तू?"

मी मनूचा शर्ट न्यायला आत शिरलो. काकांनी तो काठीवर उचलला, उन्हाकडे धरला, नमुन्याच्या पट्टीशी नेला, एक डोळा बारीक केला. आणि समाधानाने म्हणाले, "घे. तुझी नर्मदा."

शर्ट हिरवा होता. निळसर बिळसर नाही, चक्क पालकासारखा हिरवा.

मुलगा खुर्चीतून उठला. "हा तर हिरवा आहे बाबा. नर्मदा निळी ना?"

काकांनी शर्ट पुन्हा पट्टीशेजारी धरला. काठी हातातच राहिली. चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्याकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी ताबडतोब तोंड उघडलं. "अरे, यंदा मनूचं हाऊस बदललं. बेतवा झालं. मीच काकांना हिरवा सांगितला होता. तुम्ही नर्मदा काय म्हणता काका, मागच्या वर्षीची सवय!"

मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच विश्वास ठेवला. गोंधळ माझा आहे म्हटलं की गल्लीत कोणी जास्त चौकशी करत नाही. तेवढी माझी पत आहे. काका हळूच म्हणाले, "हो. बेतवा. बरोबर." मुलगा दोन दिवसांनी एकटाच पुण्याला गेला. त्या दिवशी मी घरी येऊन स्वतःवर इतका खूश होतो की चहात दोनदा साखर घातली.

मनू मात्र शर्टाकडे पाहतच राहिली. "पापा, ये तो बेतवा का है."

"एक दिवस चालतं," मी म्हणालो. "आणि दादाजींना काही सांगायचं नाही. प्रॉमिस?"

दुसऱ्या दिवशी ती निळ्या रांगेत हिरवी उभी राहिली. पोरं हसली. शिक्षिकेने कारण विचारलं, तर म्हणाली, "पापा से गलती हो गई." स्कूटरवर परत येताना ती माझ्या पाठीला डोकं टेकून रडत होती. माझा शर्ट ओला झाला तेव्हा मला कळलं.

त्यानंतर मी पाहत होतो आणि पाहत नव्हतो. काका कपाच्या बाहेर चहा ओतत आणि म्हणत, "हात थरथरतो." उन्हाळ्यात पायरी चुकले, तर म्हणाले, "अंधार लवकर पडून राहिला आजकाल." मे महिना होता, संध्याकाळचे पाच. मी म्हणालो, "हो काका." माणसाची लाज राखतोय असं मला वाटत होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर मुलाला कळेल, मुलाला कळलं की घर सुटेल. हा हिशेब मी त्यांच्या वतीने करून टाकला होता, त्यांना न विचारता.

ऑक्टोबरात ते फाटकावर आदळले, कपाळ फुटलं. तेव्हा मी त्यांना स्कूटरवर बसवून ओमतीजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बराच वेळ यंत्रातून पाहत राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "आँख का प्रेशर है. नस सूख गई. जो गया वो वापस नहीं आएगा. साल भर पहले लाते तो बाकी बचा लेते." उजवा डोळा गेलाच होता. डाव्यात नुसता उजेड उरला होता, पुढे तोही गेला.

मी मनातल्या मनात डिसेंबरापासून महिने मोजले. दहा झाले.

मुलगा आला. तो मला एक शब्द बोलला नाही, कारण त्याला काही ठाऊकच नव्हतं. उलट माझे हात धरून म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून बरं." सामान बांधताना काकांनी भिंतीकडे चाचपत जाऊन खिळ्यांवरच्या पट्ट्या पुड्यांसकट उतरवल्या आणि मनूच्या हातात दिल्या. "आता तू बघ. तुझ्या बापाच्या भरवशावर राहू नको."

घरी आल्यावर मी पट्ट्या पाहिल्या. प्रत्येकीला गाठी मारल्या होत्या. लालला एक, पिवळीला दोन, हिरवीला तीन, निळीला चार. घट्ट, नखाने न सुटणाऱ्या.

"या गाठी केव्हाच्या?" मी विचारलं.

मनू पट्टीशी खेळत होती. "वो हरे शर्टवाले दिन के बाद की. दादाजी ने मुझे बुलाया था. पूछा, बेटा इसमें नीली कौनसी, हरी कौनसी. फिर मैंने बताया और उन्होंने गाँठ बाँधी. अगले साल के लिए."

"तू मला सांगितलं का नाही?"

"उन्होंने बोला था, पापा को मत बताना."

नऊ वर्षांची पोर दहा महिने आम्हा दोघांची गुपितं एकमेकांपासून सांभाळत होती.

यंदा शर्ट मी रंगवला. चार गाठींची पुडी, मूठभर मीठ, चुलीऐवजी गॅस. शर्ट काठीवर धरूनच मी काकांना फोन लावला, आणि सवयीने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर त्यांचा कान आला. नुसता कान, पांढऱ्या केसांसकट. त्यांनी फोन कानाला लावला होता. आणि मी, माझ्यासारखा मूर्ख, त्या कानापुढे ओला शर्ट धरून उभा.

"कसा आला?" काकांनी विचारलं.

छान, हे जिभेवर आलं होतं. मी गिळलं. "कॉलरपाशी डाग राहिले, काका. पाठ फिकट आहे."

"घाई केली."

"हो." मग मी म्हणालो, "काका, मागच्या वर्षी हाऊस बदललं नव्हतं. मी निळाच सांगितला होता."

"ठाऊक आहे."

मागे पुण्याची कुठली तरी कुकरची शिट्टी वाजली. कान हलला नाही.

"पोरीला कोणी हसलं होतं का रे?"

"हो काका. हसले होते. रडत आली घरी."

मला वाटलं फोन कटला, पण कान दिसत होता.

"अजून थोडं मीठ टाक," शेवटी ते म्हणाले. "आणि पुन्हा बुडव. मी थांबतो."

मी शर्ट पातेल्यात सोडला आणि फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला. काठी फिरवत राहिलो. ते तिकडे थांबले होते.