कोरडे तांदूळ

डहाणूपासून विरारपर्यंत स्वतःच्या लाळेची आमच्या शेजाऱ्यांइतकी काळजी वाहणारा दुसरा माणूस झाला नाही, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. ऐंशीच्या सुमाराला बोईसरच्या एका चाळीत ते माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी, पस्तिशी उलटलेली, सडेफटिंग. सकाळी सगळी चाळ नळावर दात घासत असायची तेव्हा हे गृहस्थ खिडकीच्या उजेडात जीभ बाहेर काढून तिच्यावर लिटमससारखी एक पट्टी ठेवून उभे असायचे. पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून झाला की भिंतीवर टकटक करून मला निकाल सांगायचे, "आज जरा आम्लाकडे झुकलीय हो. काल भजी खाल्ली म्हणून असेल का?" मला आधी वाटलं, यांना काही मोठा आजार आहे. महिन्याभरात कळलं की आजारबिजार काही नाही, नुसती काळजी आहे, आणि तिच्यावर औषध निघालेलं नाही.

"माणूस दिवसाला तांब्याभर लाळ गिळतो आणि कुणाला तिची कदर नाही," असं ते कळवळून म्हणत. झोपेत ती आटते म्हणून सकाळी तोंडाला वास येतो, चावताना ती पातळ सुटते, भीती वाटली की घट्ट आणि चिकट होते, हे सगळं मला त्यांच्याकडून तोंडपाठ झालं होतं. सर्दीच्या गोळीने तोंड सुकतं म्हणून पावसाळाभर ते शिंकत बसायचे, पण गोळी घ्यायचे नाहीत. पंचाईत एवढीच, की त्यांना भीती कशाचीही वाटायची. कारखान्याचा भोंगा दोन मिनिटं उशिरा झाला, पोस्टमन दाराशी रेंगाळला, रिक्षावाल्याने ओळख नसताना हसून पाहिलं, की यांच्या तोंडाला कोरड पडलीच. पालघरला एकदा मुलगी बघायला गेले. मी सोबत होतो. पोह्यांचा पहिला घास तोंडात गेला तो खाली उतरेना. त्यांनी आपलं पाणी संपवलं, माझं संपवलं, मग मुलीच्या वडिलांचंही संपवलं. चार दिवसांनी निरोप आला, "मुलाला साखरेचा विकार दिसतो."

अशा माणसाच्या नशिबी तांदूळ यावेत, याला काय म्हणावं!

झालं असं की आमच्या मालकीणबाईंच्या सोन्याच्या कुड्या नाहीशा झाल्या. बाईंचं माहेर सातपाटीच्या कोळीवाड्यातलं, आवाज असा की भरतीच्या वेळी होडीवरच्या माणसाला हाक ऐकू जावी. पोलिसांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी मासवणकडून एका भगताला बोलावलं आणि अंगणात जाहीर केलं, "रविवारी समदे तांदूल चावतील. ज्याच्या तोंडातून कोरडे पडतील तो चोर. त्यानं त्याच दिवशी खोली खाली करायची, आनि त्याच्या कंपनीत पन मी सांगनार हाय." चोराचं तोंड भीतीने सुकतं, हा त्यामागचा हिशेब. बाकीच्यांना गंमत वाटली. आमचे शेजारी मात्र माझ्या खोलीत येऊन मटकन खाली बसले. "बाईंचं शास्त्र बरोबर आहे हो," ते म्हणाले, "तोच तर घोटाळा आहे."

मग तीन दिवस ते तांदूळ चावत होते. घरात, दार लावून, माझ्यासमोर. प्रत्येक घास ओलाचिंब निघायचा, कारण मला ते घाबरत नव्हते. लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर आणून पाहिली, लिंबू हुंगून पाहिलं. शेवटी शनिवारी संध्याकाळी त्यांनी चिंचेचं एक बोटूक माझ्या हातात ठेवलं. सनईवाल्यासमोर पोरं चिंच खातात आणि त्याची सनई बंद पाडतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तोच उपाय. "तुम्ही फक्त माझ्यासमोर उभे राहा आणि ही चोखा. चांगलं तोंड वेडंवाकडं करून चोखा. बाकी मी बघतो. कराल ना एवढं?" मी म्हटलं, "अहो, त्यात काय!"

रविवारी आम्ही ओळीने बसलो. भगताने तांदूळ मंतरले, प्रत्येकाला चिमूटचिमूट दिले, पुढ्यात पळसाचं पान. माझे तांदूळ ओले निघाले. मी उठून समोर जाऊन उभा राहिलो. खिशात चिंच होती, माझी बोटं तिच्यावर होती. शेजाऱ्यांनी तांदूळ तोंडात टाकले आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मालकीणबाईंनीही माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, आत्ता खिशातून काही काढलं तर हे दोघे सामील आहेत असं म्हणतील. खोली माझीही जाईल. मी हात बाहेर काढला नाही. ते चावत राहिले, माझ्याकडे बघत राहिले, आणि पानावर पडलेले तांदूळ पिठासारखे उडाले.

"भाऊ, तुमी?" मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, तेही हळू. कोपऱ्यातल्या खोलीतला वेल्डर पुटपुटला, "अरे साहब, आप?" शेजाऱ्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटली होती. न बोलणं म्हणजे कबुली, असं सगळ्यांनी धरलं. संध्याकाळच्या आत ते ट्रंक घेऊन पालघरला एका मित्राकडे गेले.

आठव्या दिवशी कुड्या सुक्या जवळ्याच्या डब्यात सापडल्या. लग्नाला जाताना बाईंनी स्वतःच त्या तिथे लपवल्या होत्या. बाई ढसाढसा रडल्या, आणि मला घेऊन पालघरला गेल्या. दारातच हात जोडून म्हणाल्या, "माजी चूक झाली, भाऊ. चला घरी. तुमच्या कंपनीत पन मीच जाऊन सांगते." शेजारी गडबडून उठले. "नाही हो बाई, तांदळाचं काही चुकलं नाही. मी घाबरलो होतो, तेवढंच तांदळाने सांगितलं."

ते परत आले. भिंतीवरची टकटक पुन्हा सुरू झाली. पुढे दोन वर्षांनी वापीला नोकरी लागून गेले, तोवर रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला यायचे. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज चिंचेचं विचारतील. मी उत्तरंही जुळवून ठेवायचो, त्यातलं एकही धड नव्हतं. त्यांनी कधीच विचारलं नाही. जगातल्या यच्चयावत गोष्टींची काळजी करणारा तो माणूस. मी काय उत्तर देणार, याची काळजीही माझ्याआधी त्यांनाच लागली असावी.