तीनच्या खेळाचं दार

"आधी पाय, मग पडदा," असं म्हणत ते बॅटरीचा झोत तुमच्या पायांपुढे टाकत. तोंडावर कधीच नाही. नाशिकच्या ज्या टॉकीजमध्ये मी तिकिटं विकली, तिथे ते डोअरकीपर होते. उशिरा आलेला वकील असो की हमाल, त्याला पायरी दाखवत खुर्चीपर्यंत नेणार. तुम्ही त्या काळी आमच्याकडे तीनचा खेळ पाहिला असेल, तर तुमचेही पाय त्यांनी पाहिलेले आहेत.

ते नांदगावकडच्या बौद्धवस्तीतले. एकाहत्तरच्या लढाईतून परतले तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं कमी होती. वस्तीतलाच एक मित्र त्यांच्या शेजारी मशीनगनवर होता, तो परतला नाही. लढाईचं विचारलं की एवढंच सांगत, "दोघं गेलो, मी आलो. झालं."

पुढे काही वर्षांनी आमच्याकडे त्या लढाईवरच्या रंगीत सिनेमाचं पोस्टर लागलं. "आमची लढाई लागली भाऊ," म्हणत त्यांनी मला पेढा दिला आणि मित्राच्या आईला रविवारी तीनच्या खेळाला बोलावणारं पत्र टाकलं.

शुक्रवारी पहिला खेळ झाला. खंदकात देशभरचे जवान. कुणाला आईचं पत्र, कुणाला गाणं, कुणाला देव. आपल्याकडचा मराठी गडी मात्र आचारी. तोंडाला काजळी फासलेला, तोफ धडाडली की भाताच्या मोठ्या डेगीत शिरून बसणारा. थिएटर पोट धरून हसलं. खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

खेळ सुटल्यावर ते माझ्या खिडकीशी आले.

"भाऊ, शेवटाला कोण कोण मरतं?"

"सगळेच. तो आचारी सोडून."

"मंग आमचा मेला तो कोण व्हता?"

हसल्याची लाज वाटली. अजूनही वाटते.

शनिवारी तीनच्या खेळाला पडद्यावर आचारी डेगीकडे वळला आणि इकडे ह्यांनी पश्चिमेची दोन्ही दारं सताड उघडली. मे महिन्याचं ऊन आत घुसलं, पडदा पांढराफटक झाला. शिट्ट्या, शिव्या. प्रसंग संपला तशी दारं बंद. मॅनेजर अंगावर धावून आले.

"उद्या उघडलंस तर परवा येऊ नकोस. खोलीही रिकामी कर."

टॉकीजमागची ती खोली नोकरीबरोबरच मिळालेली. तीत बायको आणि तीन मुलं.

"जितक्यांदा हे हसतील, तितक्यांदा उघडीन," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. डोळ्यांत मात्र दयामाया नव्हती.

रविवारी म्हातारी पॅसेंजरने आली. आयुष्यातला पहिला सिनेमा. त्यांनी तिच्या पायांपुढे उजेड धरून तिला बसवलं आणि वेळ येताच दारं उघडली. कुणीतरी भिरकावलेली चप्पल त्यांच्या कानशिलावर बसली. ते दार धरून ताठ उभे राहिले.

बाहेर आल्यावर म्हातारीने विचारलं, "समदे पाहिले रं लेका. माझा कोणता व्हता?"

"दार उघडलं तव्हा पडदा उजळला ना मावशी? त्यात व्हता. लय ऊन व्हतं, म्हणून दिसला नाय."

म्हातारीने मान हलवली. "असंल. तिथंबी ऊनच असंल," म्हणाली.

सोमवारी खोली रिकामी होती. बॅटरी माझ्या खिडकीत ठेवलेली, आणि पश्चिमेच्या दोन्ही दारांच्या खिट्ट्या गायब. पेचकस त्यांनी माझ्याकडूनच नेला होता. मॅनेजरने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला काय माहीत?"

ते पुन्हा कधी दिसले नाहीत. पण त्या सोमवारी तीनच्या खेळाला वारा सुटला होता. मी खिडकी बंद करून आत जाऊन उभा राहिलो. दारं आपटत होती, मॅनेजर एका दाराला पाठ लावून दुसऱ्याकडे हात करून ओरडत होते. आचारी डेगीत शिरायला वाकला, आणि ते दुसरं दार उघडून ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं.

त्या प्रसंगाला मी दुसऱ्यांदा हसलो.