ओळ संपली की टिंग

आमच्या साडूंइतक्या वेगाने मराठी टाईप करणारा माणूस साऱ्या नाशिक जिल्ह्यात नाही. मी हिशेब तपासणारा माणूस. मोजल्याशिवाय बोलत नाही. जिल्हा मी मोजलेला नाही हे कबूल, पण साडूंना टाईप करताना एकदा पाहिलं की बाकीचा जिल्हा मोजायची गरज वाटत नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कचेरीत त्यांनी उभा जन्म मराठी टाईपरायटरपुढे बसून काढला. ते निवृत्त झाले, बोटं झाली नाहीत. वरण यायला उशीर झाला तर ते ताटाच्या कडेवर टाईप करत बसतात. एका शोकसभेत लोक डोळे पुसत होते आणि साडू मांडीवर वक्त्याचं भाषण उतरवत होते. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "माणूस मनापासून बोलला, पण परिच्छेद पाडत नाही." घरात कुठलीही गोष्ट ते तीनदा सांगतात, कारण एक मूळ प्रत आणि खाली दोन कार्बन ही जन्माची सवय. "गॅस बंद केलाय, गॅस बंद केलाय, गॅस बंद केलाय," असं ते म्हणाले की ताई, म्हणजे त्यांची बायको आणि आमच्या हिची थोरली बहीण, आतून म्हणते, "तिसरी प्रत पुसट आली. पुन्हा सांगा."

पण या सगळ्यांवर ताण म्हणजे त्यांची टिंग. जुन्या टाईपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजायची, मग डाव्या हाताने दांडा ढकलून कागद पुढच्या ओळीवर आणायचा. संगणकाला घंटी नाही आणि दांडाही नाही. त्यावर साडूंनी आपल्यापुरता तोडगा काढला. ताटाच्या कडेवर टाईप करताना नोकरीच्या दिवसांपासून ते घंटी तोंडाने वाजवत आले, तीच इथेही वाजवतात. ओळ भरली की "टिंग", डावा हात हवेत, नसलेला दांडा उजवीकडे ढकलायचा, मग एंटर. संगणक आपोआप पुढच्या ओळीवर जातो, हे मी एकदा सांगून पाहिलं. "ओळ माणसाने संपवायची असते," ते म्हणाले. "तीही यंत्रानेच संपवली तर आपण इथे कशाला बसलोय?"

ताई नाशिकरोडला बालवाडीत बाई होती. मुलांना सांगायच्या गोष्टी ती स्वतः रचायची, आणि त्यातली एकही तिने कधी कागदावर उतरवली नाही. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता आईबाप झाली आहेत. त्यांनी या गोष्टींचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि छापखान्याने शनिवारपर्यंत मजकूर मागितला. टाईप मी करणार, असं साडूंनी तीनदा जाहीर केलं. मग ताईला म्हणाले, "आयुष्यभर साहेबांच्या बदल्या टाईप केल्या, निविदा टाईप केल्या, लोकांच्या कारणे दाखवा नोटिसा टाईप केल्या. तुझा एक शब्द माझ्या हाताखालून गेलेला नाही." हे मात्र ते एकदाच म्हणाले.

ताई सांगायला बसली आणि साडू टाईप करायला. पहिली ओळ मोत्यासारखी. दुसऱ्या ओळीत इंग्रजी अक्षरांची खिचडी. तिसरी पुन्हा मराठी, चौथी पुन्हा खिचडी. जातिवंत टायपिस्ट यंत्राकडे बघत नाही, त्यामुळे साडू बघत होते ताईकडे, आणि पडद्याकडे नजर जाईपर्यंत निम्मी गोष्ट नासलेली असायची. मग ते यंत्राला झापायचे, तेवढ्यात ताईचा धागा तुटायचा, आणि पुन्हा सांगताना गोष्ट तशी उतरायची नाही. दुरुस्तीवाल्याने कीबोर्ड खराब म्हणून नवा आणून बसवला. नव्यावरही खिचडीच. शेवटी ताई म्हणाली, "अहो, शनिवार आला. कोपऱ्यावरच्या टायपिंगच्या दुकानात देऊ." साडू त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठले, आणि ताईने मला फोन केला.

मी माझ्या पद्धतीने, एकेक रकाना तपासावा तसा, सेटिंगमध्ये शिरलो. भाषांच्या यादीत मराठी होती आणि इंग्रजी होती. मराठीची मांडणी जुन्या टाईपरायटरचीच होती, म्हणजे तिथेही चूक नाही. इंग्रजी काढून टाकू म्हटलं, तर साडूंचा पासवर्ड इंग्रजीत.

"बदला की पासवर्ड."

"तो मला पाठ नाही, बोटांना पाठ आहे. त्यांना कुठे नव्याने शिकवू?"

मग मी स्वतः माझ्या दोन बोटांनी पानभर टाईप करून पाहिलं. तासभर गेला, पण एक अक्षर बिघडलं नाही.

"म्हणजे दोष माझ्यात," साडू म्हणाले.

"हिशेबात तरी तसंच दिसतंय."

"ऑडिटर लोकांना जेवायला घालू नये म्हणतात, ते उगाच नाही."

मी त्यांना पुन्हा टाईप करायला बसवलं आणि मागे खुर्ची टाकून बघत राहिलो. थोड्या वेळाने एक गोष्ट ध्यानात आली. भाषा ओळीच्या मध्ये कधीच बदलत नव्हती. बदलायची ती टिंगनंतर. मी तसं सांगितलं.

"यंत्राला माझी टिंग खटकते?"

"यंत्राला कान नाहीत," ताई म्हणाली. "तुम्हाला हात आहेत. मुलांना पेन्सिल धरायला शिकवताना मी कागद बघत नसे, आधी हात बघायची. सरका जरा." ती त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसली. "हं, वाजवा."

साडूंनी टिंग केलं. हात वर गेला, हवेतला दांडा ढकलून खाली उतरला, आणि जागा चाचपताना करंगळी टेकली शिफ्टवर अन् अंगठा ऑल्टवर. पडद्याच्या कोपऱ्यात मराठी होती तिथे इंग्रजी आली. ही दोन बटणं एकत्र दाबली की भाषा बदलते, अशी त्या संगणकात सोय होती, आणि आमचे साडू त्या सोयीचा दर ओळीला लाभ घेत होते.

"हात बांधून ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"हात राहू द्या मोकळा," मी म्हणालो. "बटणं बांधू."

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये खूप आत, जिथे सहसा कोणी जात नाही, तिथे भाषा बदलणाऱ्या बटणांची एक छोटी चौकट निघाली. तिथली शिफ्ट-ऑल्टची नेमणूक आम्ही रद्द केली. शेवटचं बटण साडूंनी स्वतः दाबलं, आणि ते असं की टेबलावरचा चहा बशीत आला. मग त्यांनी सलग पानभर मजकूर हाणला. दर ओळीला टिंग, दर ओळीला हात, आणि शेवटपर्यंत शुद्ध मराठी. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ काय आपटतंय ते बघायला वर आले, त्यांना पान वाचायला लावलं. दुरुस्तीवाल्याला फोन करून विजयाची बातमी मूळ प्रत आणि दोन कार्बनसह देण्यात आली. मला जेवायला थांबवलं, आणि ताटात श्रीखंड पडलं.

मजकूर शनिवारी वेळेवर गेला. पुस्तकही निघालं, चांगलं निघालं. मला मात्र आठवते ती शेवटची गोष्ट टाईप झाली ती संध्याकाळ. गोष्ट होती बालवाडीची घंटी गिळणाऱ्या शेळीची. ताई सांगत होती, "तेव्हापासून शेळीचा घास संपला, की ती म्हणायची टिंग, आणि डावा पाय वर करायची."

साडूंची बोटं थांबली. "ही शेळी..."

"मुलांची सगळ्यात लाडकी," ताई म्हणाली. "नोकरीच्या पहिल्या वर्षापासून सांगायची. नव्या मुलाने रडायला सुरुवात केली की हीच काढायची. पुढे घ्या."

साडूंनी पुढे घेतलं. ओळ भरली, पण टिंग काही आली नाही. शेवटी ताईनेच हलकेच म्हटलं, "टिंग."

साडूंचा डावा हात आपोआप वर गेला.