पाणी कोण आणतं?

"मेरेकू शक है," असं म्हणून ती दुधाचं भांडं खिडकीशी न्यायची आणि तिरकं करायची. दूध कडेवरून कसं ओघळतं ते एक डोळा मिटून बघायची, मग करंगळी बुडवायची, मग गवळ्याकडे बघायची. गवळी म्हणायचा, "आईची आन बाई, थेंब न्हाई घातला." हिचा पुढचा प्रश्न तयारच असे, "तुम्हारी मां जिंदा है क्या?" गवळ्याची आई कधीच वारली होती. त्या दिवसापासून तो बीडभर सांगत सुटला की जनाना दवाखान्यात हैदराबादहून आलीय ती डाक्टरीण नव्हे, फौजदार आहे.

मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची, साथ यायच्या आधीची ही गोष्ट. आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. माझे वडील तहसिलीत नकलनवीस, त्यामुळे घरात उर्दू कानावर पडायची, आणि मी लहान वयात कपाळ पुसून माहेरी आलेली. डाक्टरणीला मराठी येत नव्हती, रोगी बायकांना उर्दू येत नव्हती. मला दोन्ही येत होत्या आणि कामधंदा नव्हता. वडिलांनी मन घट्ट केलं, भावकीनं नाकं मुरडली आणि मी तिची दुभाषी म्हणून दवाखान्यात जायला लागले.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी सगळ्या जगावर शंका घेतात आणि म्हणून सगळं जग त्यांच्यावर शंका घेतं. एवढी शिकलेली बाई, हैदराबाद सोडून आमच्या धुळीत कशाला मरायला येईल? कुणी म्हणे नवाबाशी बिनसलं, कुणी म्हणे नवऱ्यानं टाकली, कुणी म्हणे नवऱ्याला हिनंच टाकलं. मला तिसरं खरं वाटायचं.

त्यात तिच्या त्या बाटल्या. बायकांच्या छातीतल्या गाठी ती गुंगीचं औषध देऊन कापून काढायची, आणि कापलेल्या गाठीचा तुकडा स्पिरिटच्या बाटलीत घालून हैदराबादला पाठवायची. गावात बोभाटा झाला की बाई मोमियाई काढते. माणसाच्या मांसाचं तेल हैदराबादला नेऊन बड्या लोकांच्या अंगाला चोळतात. माझी आजी तर मला रोज सांजेला उंबऱ्यावर उभी करून हातपाय तपासायची. शेवटी मी विचारलंच, "बाई, त्या बाटल्यांचं काय करता?"

ती रागावली नाही. शंका घेणारं माणूस भेटल्याचा तिला आनंदच झाला असावा. म्हणाली, "आंख को गांठ दिखती, बीमारी नै दिखती." एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाठी, एक साधी असते आणि एक जीव घेते, ते खुर्दबिनीखाली, बारीक मोठं करून दाखवणाऱ्या काचेखाली कळतं. मग म्हणाली, कापतात सगळेच. पण कापल्यावर बाई जगली का, किती जगली, कशी जगली, हे कुणी जाऊन बघतं का? "मैं काटती, और मेरेकूच मालूम नै कि फायदा होता या नै होता." स्वतःच्या हातावरही ज्यांचा विश्वास नाही अशी माणसं मी फार पाहिली नाहीत. त्या दिवशी माझी शंका अर्धी फिटली. अर्धी मी ठेवली, कारण मी बीडची.

तपासायची तिची रीत ठरलेली. बोटांच्या टोकांनी चिमटायचं नाही, बोटं सपाट ठेवून हळू फिरवायची, आणि सुरुवात नेहमी चांगल्या बाजूनं. हाताला आधी चांगलं कसं लागतं ते कळलं पाहिजे, मगच वाईट ओळखता येतं, असं ती म्हणायची. शेवटी काखेत, आणि तिथं ती सगळ्यात जास्त वेळ घ्यायची. मलाही तिनं हात धरून शिकवलं. मी म्हटलं, मी दुभाषी, मला कशाला? तर म्हणाली, दुभाष्याच्या जिभेपेक्षा बोटं कमी खोटं बोलतात.

बायका येऊन म्हणायच्या, "गाठ हाय, पर दुखत न्हाई." म्हणजे त्यांच्या मते काळजीचं कारण नाही. आमच्याकडे दुखणं म्हणजेच रोग. जे दुखत नाही त्याला दुखणं कसं म्हणावं? हिचं उलट. दुखतं म्हणणारीला ती शेक सांगून घरी पाठवायची बऱ्याचदा, आणि दुखत नाही म्हणाली की हिच्या भिवया जवळ यायच्या. "नै दुखती? मेरेकू शक है." बायकांना वाटायचं, ही आपल्याला खोटारडी म्हणते.

पहिल्या वर्षाच्या शेवटी कापलेल्या बायकांची खबर घ्यायला तिनं दवाखान्याचा चपराशी गावोगाव पाठवला. तो फेटा बांधून, पट्टा चमकवून गेला आणि आठवड्यानं हसत परत आला. "समद्या बऱ्या हायत बाई." तिच्यावरचे जिल्ह्याचे मोठे डॉक्टर खूश झाले, वर कळवायला निघाले. ही चपराशाकडे दुधाच्या भांड्याकडे बघावं तशी बघत राहिली. "सब के सब अच्छे? ऐसा कैसा?" आणि दुसऱ्याच दिवशी दमणी जुंपायला सांगून ती मला घेऊन केजकडे निघाली.

पहिल्याच घरी म्हातारी सासू दारात आली. मी विचारलं, "सून कशी हाय?"

"बरी हाय जी."

"कुठं हाय?"

"रानात गेली."

डाक्टरीण ओसरीवर बसली, उठायचं नाव घेईना. ऊन कलायला लागलं. म्हातारी आत-बाहेर करत होती आणि आमच्या नजरेला नजर देत नव्हती. तेवढ्यात घरचा कर्ता मुलगा, चांगला मिशीवाला बाप्या, डोक्यावर घागर घेऊन आडावरून आला आणि आम्हाला बघून थबकला. डाक्टरीण मला हळूच म्हणाली, "घर में औरत है, तो पानी मरद कायकू लाता?"

मी ते मराठीत केलं. म्हातारी मटकन खालीच बसली. सून नागपंचमीलाच गेली होती.

"मग बरी हाय कावून म्हनलं?" मी जरा जोरातच बोलले.

"त्यो पट्टेवाला सरकारी मानूस," म्हातारी म्हणाली. "मेली म्हनलं तर पंचनामा करतेल. अन् ह्या बाईनं आपल्या लेकीवानी तिचं केलं, हातानं पाणी पाजलं. तिला कसं सांगावं, का तुजं केलेलं वाया गेलं?"

हे मी उर्दूत सांगितलं. आमची माणसं भीतीनं खोटं बोलतात हे मला माहीत होतं. मायेनंही तेच खोटं बोलतात हे तेव्हा कळलं. डाक्टरीण उठली. म्हातारीच्या शेजारी ओसरीच्या मातीवर बसली, चांगली साडी होती अंगावर. मला तिची फार दया आली.

तिथून पुढं तिनं "कशी आहे" हा प्रश्नच टाकून दिला. तिच्या मोडक्या मराठीत ती दारातच विचारायची, "पाणी कोण आणते? भाकरी कोण थापते? वेणी कोण घालते?" या प्रश्नांना कुणी तयारी करून ठेवलेली नसे. पाणी सून आणते म्हटलं की कळायचं, हात उचलत नाही. वेणी लेक घालते म्हटलं की कळायचं, हात खांद्याच्या वर जात नाही. कापलेल्या कितीतरी बायकांनी भीतीनं तो हात पोटाशी आवळून धरला होता आणि तो सुजून जड झाला होता. जगल्या होत्या, पण एका हातानं.

मग तिनं दवाखान्यात डेरा आणि रवी आणवली. जखम भरत आली की बाईनं रोज उभं राहून ताक घुसळायचं. दोरी ओढता ओढता हात आपोआप मोकळा होतो. गावाची शंका पुन्हा उसळली. "दवाखाना म्हनत्यात, अन् आत ताकाचा धंदा!" गवळ्याला तर आता खात्रीच पटली की हिला दूध चोख कशासाठी लागतं.

ठकू आली ती याच दिवसांत. दिंद्रुडकडची धनगरीण, उंच, काटक, बोलायला फटकळ. नवरा म्हाळू घोंगडी पांघरून दाराबाहेर बसलेला, आत काय चाललंय म्हणून मान वेळावून बघणारा. गाठ सुपारीएवढी आणि अर्थात न दुखणारी. डाक्टरणीनं चांगली बाजू बघितली, मग वाईट बाजू, मग काख, आणि म्हणाली, कापावी लागेल.

ठकूनं सरळ विचारलं, "देवरुषी म्हनला बरी व्हशील. वैदू म्हनला बरी व्हशील. कापल्यावर मी बरी व्हईन का न्हाई?"

मी उर्दूत विचारलं. डाक्टरीण म्हणाली, "मालूम नै."

आता असं कसं सांगायचं माणसाला? मी म्हटलं, "हे बघ ठकूबाई, बाई लई हुशार हायत, हातगुण चांगला हाय, देवाची मर्जी असली तर समदं नीट व्हईल..."

"ठहरो," डाक्टरीण म्हणाली. "मैं दोच लफ्ज बोली. तुम इत्ता लंबा क्या बोले? मेरेकू शक है." आणि ठकूकडे वळून तिनं स्वतःच मराठी जुळवली, "माहीत नाय. नाय कापली तर मरते. कापली तर, माहीत नाय."

म्हाळू बाहेरूनच ओरडला, "चल गं! जिला ठावं न्हाई तिच्या हातात सुरी कावून द्यावी?" मलाही त्याचंच म्हणणं पटलं. पण ठकू खो खो हसली. म्हणाली, "बाकी समदे ठावं हाय म्हनले, अन् गाठ वाढतीच हाय. ही एकच खरं बोलती." मग हसू ओसरलं. "मी मेले तर ह्यो दुसरी करंल, करू द्या. पर माजी पोरगी अजून मेंढराच्या पायात यती एवढी हाय. ती जानती व्हस्तवर मला जगायचं हाय. तेवढं बघा."

गाठ काढली. ठकू गुंगीतून उठताना डाक्टरणीला शिव्या देत होती, त्यांचं भाषांतर मी केलं नाही. डाक्टरणीनं मागितलंही नाही. पुढं ताक घुसळायला लागली तेव्हा मात्र लोणी निघेस्तोवर रवी सोडायची नाही. जाताना डाक्टरणीनं तिला बजावलं, दरसाल येऊन दाखवायचं, दुखत असो वा नसो. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ही माणसं बीडवरून जातातच. पुढच्या साली ठकू आली, हात वर करून स्वतःची वेणी घालून दाखवली आणि डाक्टरणीनं तिच्या काखेत इतका वेळ बोटं फिरवली की ठकूला गुदगुल्या व्हायला लागल्या.

डाक्टरणीनं मग वर खरं खरं कळवलं: किती जगल्या, किती गेल्या, कुणाचे हात निकामी राहिले. मोठ्या डॉक्टरांनी आधीच सगळ्या बऱ्या म्हणून कळवून ठेवलं होतं. दोघांतलं एक खोटं ठरणार होतं, आणि खोटं कोण ठरतं ते तुम्ही मला विचारू नका. तिची बदली झाली. टांग्यात बसताना तिनं टांगेवाल्याला घोड्याचा नाल दाखवायला सांगितला, आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी रडले, ती रडली नाही.

पुढं मानमोडी आली आणि घराघरांतून माणसं नेऊ लागली. हैदराबादला रोगी बघता बघता डाक्टरीणही त्यातच गेली. खबर घेऊन आलेल्या माणसाला मी तीन-तीनदा विचारलं. वाटलं, हेही कुणीतरी भीतीनं किंवा मायेनं बोलत असेल. पण ते खरंच होतं.

साथ ओसरू लागली, दिवाळी झाली आणि ठकू आली. मेंढरं म्हाळूच्या हवाली नदीकाठी, बरोबर पोरगी, आता चांगली कमरेएवढी. दवाखान्यात नवे डॉक्टर होते, माझं काम तेवढं टिकून होतं. त्यांनी दारातच विचारलं, "काय होतंय?"

"काय बी न्हाई व्हत."

"मग कशाला आलीस? साथीचे रोगी कमी आहेत का इथं?"

ठकू मला शोधत मागच्या खोलीत आली. "बाई कुठाय?" म्हणाली. माझ्या तोंडाशी "बरी हाय" आलं. पण हिच्यापुढं ते बोलवेना. मी सांगितलं, "गेली गं. मानमोडीत गेली."

ठकू भिंतीला टेकून उभी राहिली. पदर तोंडात धरून रडली, पोरगी घाबरून तिचं लुगडं ओढत राहिली. मग तिनं डोळे पुसले, पोरीला दाराकडे तोंड करून बसवलं, दार लोटलं आणि चोळीची गाठ सोडली.

"मग आता तुमी बघा," म्हणाली.

मी म्हटलं, मी डाक्टरीण नाही. ती हललीच नाही. मी हात धुतले, पुसले, एकमेकांवर चोळून गरम केले. आधी चांगली बाजू बघितली. मग जखमेचा वण. मग काख. बोटांना काही लागलं नाही. मी हात काढला, खिडकीचं दार पुरतं उघडलं आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले.