पुसलेली वेणी

मित्रहो, आज दुपारी एक गोष्ट घडली. कुणाला तरी सांगायलाच हवं.

माझी नात सई अवकाशयानांच्या चुंबकीय नोंदींवर काम करते. सूर्याकडून येणाऱ्या चुंबकीय रेषांना कधीकधी दोरासारखा पीळ पडलेला असतो. असे पीळ तिचा प्रोग्राम आपोआप हुडकतो. आज तिने कौतुकाने माझ्या पीएचडीच्या काळातल्या यानाच्या नोंदी त्याला दिल्या.

ऐंशीच्या आसपास मी नाशकात प्राध्यापक होतो. गाईडकडून आलेखांची भेंडोळी यायची. नाशिक रोडच्या घरात ती फरशीवर पसरून आम्ही नवरा-बायको असे पीळ शोधून पेन्सिलीने खुणा करायचो, आणि मी त्यांची प्रबंधासाठी यादी करायचो. कुसुम येवल्याची, विणकराची लेक. एकदा म्हणाली, "अहो, ही बघा वेणी."

"अगं, नुसता गोंगाट आहे तो," म्हणत मी तिचं वर्तुळ रबराने पुसलं.

"चंद्रात तुम्हाला अख्खी कविता दिसते, आणि इथे एवढा पीळ दिसत नाही?" ती हसली. पण पुन्हा तिने पेन्सिल हातात धरली नाही. मीही कधी विचारलं नाही.

आज स्क्रीनवर नेमकी तीच जागा लाल झाली. सई म्हणाली, "आबा, काय सुरेख पीळ आहे! तुमच्या यादीत कसा नाही?"

मी माळ्यावरून भेंडोळं काढलं. पुसलेल्या वर्तुळाचा वळ अजून बोटाला लागतो. त्याच वळातून मी हळूच पेन्सिल फिरवली.

कुसुमला जाऊन सहा वर्षं झाली. सांगा, आता हे दाखवू कुणाला?